खांद्यापुढची गाठ

चाकण एमआयडीसीत नव्यानं आलेल्या माणसाला इथं गायी आहेत हे सांगून पटत नाही. त्याला दिसतात ते कंटेनर, तळेगाव-चाकण रस्त्यावरची कोंडी, वजनकाट्यांच्या पाट्या आणि कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांच्या रांगा. पण म्हाळुंगे, खराबवाडी, निघोजे, वराळे, भांबोली, आंबेठाण अशा गावांत खोल्यांना वळसा घालून मागं गेलं की पत्र्याचा गोठा लागतो आणि दावणीला दोन-चार एचएफ (होल्स्टीन फ्रिझियन) गायी उभ्या दिसतात. जमीन संपादनात गेली, थोरला कंपनीत लागला, धाकट्यानं टेम्पो घेतला, खोल्यांचं भाडं सुरू झालं, तरी गोठा मोडला नाही. दुधाचा पैसा हा बहुतेक घरांत बाईच्या हातातला पैसा आहे, तो तिला सोडवत नाही. आणि गाय विकायचा विषय निघाला की ताटावरून उठून जाणारी माणसंही मी इथं पाहिली आहेत. या गोठ्यांतून पशुवैद्यक म्हणून फिरण्यात माझी उमेदीची वर्षं गेली.

उकाडा वाढला, वळवाच्या सरी पडून गेल्या, हवेत दमटपणा आला की माझा फोन वाजू लागतो. गायीला ताप आहे, वैरण सोडलीय, दूध निम्म्यावर आलंय. यातल्या बऱ्याच फोनांमागे एकच आजार निघतो. शेतकरी त्याला गोचीड ताप म्हणतात, पुस्तकात त्याचं नाव थायलेरियासिस. दक्षिण आफ्रिकेत जनावरांच्या रोगांवर आयुष्यभर काम केलेले स्विस पशुवैद्यक आर्नल्ड थायलर यांच्या नावावरून या परजीवींना थायलेरिया म्हणतात. आपल्याकडच्या गायींना धरतो तो थायलेरिया अ‍ॅन्युलाटा. एकाच पेशीचा जीव, हिवतापाच्या परजीवीचा दूरचा नातेवाईक. गोचिडीच्या लाळेतून तो गायीत उतरतो. परजीवी शरीराच्या संरक्षणाला चुकवतात हे कॉलेजात शिकले होते. पण चुकवतात म्हणजे नेमकं काय करतात, हे मला या एका आजाराइतकं दुसऱ्या कशानंही शिकवलं नाही.

म्हाळुंग्यातला एक गोठा सांगते. पुढे कामगारांच्या खोल्या, मागे जुनी दगडमातीची भिंत आणि तिला टेकवून उभा केलेला पत्रा. मालक पहिल्या पाळीला गेलेले, गोठ्यात मावशी एकट्या. "मॅडम, काल संध्याकाळपासनं तिनं गव्हाणीत तोंड घातलं नाय. मेडिकलमधनं तापाचं औषध आणून पाजलं, उतरला आन् परत चढला." गाय दुसऱ्या वेताची, विऊन महिना झालेला. थर्मामीटर १०६ दाखवत होता. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, अजून गुलाबीपणा होता, म्हणजे वेळ हातात होता. मग मी नेहमीप्रमाणे मानेच्या बुडाशी, खांद्याच्या हाडापुढे हात घातला. तिथं कातडीखाली एक लसिका ग्रंथी असते. निरोगी गायीत ती बोटांना शोधावी लागते. या गायीच्या दोन्ही बाजूंना ती मुठीएवढी सुजून वर आली होती, आणि दाबल्यावर गायीनं मान झटकली.

ताप उतरवण्याआधी ही गाठ चाचपावी, हे मी माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगत आले आहे. गाठ आणि ताप दिसले की लोक हल्ली लम्पी म्हणून घाबरतात. २०२२ साली लम्पीनं राज्यभर गोठे हादरवले तेव्हापासून ही भीती बसली आहे, आणि लम्पीतही ही गाठ सुजते. निवाडा करते ती सुई. डाव्या हातात गाठ घट्ट धरायची, १८ नंबरची सुई आत घालून दोन-तीनदा मागेपुढे करायची, बाहेर काढून सिरिंजनं हवा मारून सुईतला थेंब स्लाइडवर उडवायचा आणि दुसऱ्या स्लाइडच्या कडेनं पसरायचा. वाऱ्यावर वाळला की मिथेनॉल, मग जिम्साचा रंग, अर्धापाऊण तास. हे सगळं मी घरी, मागच्या खोलीतल्या सूक्ष्मदर्शकाखाली करते. तेलाचा थेंब टाकून शंभराचं भिंग खाली आणलं की पांढऱ्या पेशी दिसू लागतात: जांभळं केंद्रक, भोवती फिकट पेशीद्रव्य. आणि म्हाळुंग्याच्या त्या स्लाइडवर बऱ्याच पेशींच्या पेशीद्रव्यात, केंद्रकाला लागूनच, निळसर वेडावाकडा पुंजका आणि त्यात लालजांभळे बारीक ठिपके होते. रॉबर्ट कॉख यांच्या नावानं ओळखले जाणारे हे निळे पुंजके, म्हणजे पेशीत वाढत असलेला थायलेरिया.

तो कुठं बसला आहे, हे त्या स्लाइडवर पाहण्यासारखं असतं. ज्या पेशींत तो शिरला आहे त्या साध्यासुध्या पेशी नाहीत. बाहेरून आलेला जंतू गिळून पचवणाऱ्या भक्षक पेशी आणि प्रतिपिंडं तयार करणाऱ्या बी पेशी, म्हणजे ज्यांनी याला ओळखून संपवायचं त्याच. परजीवी त्यांना टाळत नाही, त्यांच्याच पोटात जातो. एरवी भक्षक पेशीनं काही गिळलं की ते एका पिशवीत बंद होतं आणि लयकारिकांतले पाचक रस त्या पिशवीत ओतले जातात. थायलेरियाचं काम इथंच वेगळं. आत शिरताच तो अंगाभोवतीचं ते आवरण विरघळवतो आणि पेशीद्रव्यात मोकळा होतो. आता पाचक रस ओतायला पिशवीच उरत नाही. वर तो पेशीच्याच सूक्ष्मनलिका आपल्या अंगाभोवती जमवून घेतो.

बाहेर प्रतिपिंडं फिरत असतात, पण ती पेशीच्या आत जाऊ शकत नाहीत. त्यामुळे बाहेर न पडता वाढायचं कसं, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे राहतो. हिवतापाचा परजीवी तांबडी पेशी फोडून बाहेर येतो आणि दुसरीत शिरतो. त्या मधल्या क्षणांत तो उघडा पडतो. थायलेरिया या टप्प्यात तेही करत नाही. तो पेशीलाच विभागायला लावतो. शाळेच्या पुस्तकात पेशीविभाजनाच्या चित्रात तर्कुतंतू दाखवलेले असतात, गुणसूत्रं दोन टोकांकडे ओढून नेणारे. पेशी विभागायला लागली की हा परजीवी त्या तर्कुतंतूंना चिकटतो आणि गुणसूत्रांबरोबर स्वतःही दोन भागांत ओढला जातो. एका पेशीच्या दोन झाल्या, दोन्हींत तो आहे. दोनाच्या चार झाल्या, चारांतही आहे. २०१० साली या प्रक्रियेचा बारकाईनं केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. विभाजन नीट पार पडावं म्हणून परजीवी पेशीचंच एक नियंत्रक प्रथिन आपल्या पृष्ठभागावर ओढून घेतो, असं त्यात दाखवलं होतं. वाचताना मी मध्येच थांबून जुन्या स्लाइडी काढल्या, विभागणाऱ्या पेशी शोधल्या आणि त्यांत ते लांबट ओढलेले निळे पुंजके पुन्हा पाहिले.

शरीरातली पेशी बिघडली की तिनं स्वतःहून मरून जावं, अशी व्यवस्था असते. याला तीही बंद करावी लागते, आणि तो करतो. पेशीला जगत राहा असा संदेश देणारी यंत्रणा तो आपल्याभोवती गोळा करून सतत चालू ठेवतो. हे २००२ साली दाखवलं गेलं. परिणामी ही पेशी कर्करोगाच्या पेशीसारखी वागते: मरत नाही, विभागणं थांबवत नाही, गाठीतून निघून फुप्फुसात, यकृतात, जठराच्या अस्तरात जाऊन बसते. प्रयोगशाळेत ती बरणीत अखंड वाढवता येते. आणि औषधानं आतला परजीवी मारला की तीच पेशी वाढ थांबवते आणि मरून जाते. कर्करोगावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना या गायीच्या आजाराचं इतकं आकर्षण का आहे, ते इथं कळतं. पेशीच्या जनुकांना हात न लावता, फक्त आत बसून तिला असं वागायला लावणारा दुसरा परजीवी माहीत नाही.

गोठ्यात परत गेले तेव्हा हे मी त्या मावशींना माझ्या परीनं समजावून सांगितलं. मला तशी सवय आहे. गोठ्यात उभं राहून स्लाइडवर काय दिसलं ते सांगितल्याशिवाय माझा पाय निघत नाही. त्यांनी वैरणीची पाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "म्हणजे कुंपणच शेत खातंय की." मी हा आजार त्यानंतर कितीतरी जणांना समजावला, पण इतक्या थोडक्यात कधी जमला नाही.

यापुढचा भाग मात्र सांगायला अवघड आहे, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इतकं सगळं होत असताना गायीचं संरक्षणदल झोपलेलं नसतं. उलट ते पेटून उठलेलं असतं. परजीवी बसलेल्या भक्षक पेशी शेजारच्या टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींना जबरदस्त चेतवतात, पण भलत्याच पद्धतीनं. नेमक्या परजीवीला ओळखणाऱ्या टी पेशी वाढायला हव्यात, त्याऐवजी सरसकट सगळ्याच वाढतात. गाठ सुजते ती बऱ्याच अंशी या गर्दीनं. त्या पेशी जी रसायनं सोडतात त्यांनी बाधित पेशींचं वाकडं होत नाही, गायीचं होतं. ताप १०६ वर जातो तो त्या रसायनांनी. भूक मरते, अंग झडतं, श्वास लागतो तेही त्यांनीच. गाय मेल्यावर शवविच्छेदन केलं की फुप्फुसं फेसानं भरलेली आणि जठराच्या अस्तरावर गोल व्रण दिसतात. परजीवीनं एकट्यानं इतकं केलेलं नसतं. आपल्याच शरीराच्या भडक्यात गाय जळालेली असते.

म्हणून "हिची प्रतिकारशक्ती वाढवा" असं कुणी म्हणालं की मी अस्वस्थ होते. गोचीड तापात गायीला टॉनिकच्या बाटल्या पाजणं हा पैशाचा आणि वेळेचा अपव्यय आहे, आणि त्यात गेलेले दोन दिवस पुष्कळदा गायीचा जीव घेतात. इथं ताकद कमी पडलेली नाही. ताकद चुकीच्या दिशेला गेली आहे.

याचा पुरावा गोठ्यातच समोरासमोर बांधलेला असतो. पुणे जिल्ह्यात संकरित गायी घराघरांत पोचल्या त्यात उरुळी कांचनच्या बाएफचा मोठा वाटा आहे. मणिभाई देसाईंनी १९६७ साली ही संस्था उभी केली आणि गोठवलेल्या वीर्याच्या रेतनानं शेतकऱ्याच्या दारात दुधाची गाय आली. त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. इथल्या कितीतरी पोरांची शिक्षणं त्या दुधावर झाली. पण युरोपातल्या रक्ताबरोबर एक नाजूकपणाही आला. एचएफ गाय गोचीड तापानं दोन-तीन आठवड्यांत संपते, आणि त्याच दावणीला, त्याच गोचिडी अंगावर घेऊन उभा असलेला खिलार बैल रवंथ करत असतो. त्याच्या रक्ताची स्लाइड पाहिली तर तांबड्या पेशींत परजीवी सापडतातही. एडिंबराजवळच्या रोझलिन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी देशी साहिवाल आणि होल्स्टीन वासरांना सारखीच लागण करून पाहिली. २००५ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. होल्स्टीन वासरं गंभीर आजारी पडली, साहिवाल वासरं उपचाराविना सावरली, आणि त्यांच्या अंगात ताप आणि दाहाची प्रथिनं दोन्ही कमी चढली. जिथं या गोचिडी पिढ्यान्‌पिढ्या आहेत तिथल्या जनावरांनी परजीवीला हाकलणं नव्हे, तर त्याच्यापायी स्वतः न भडकणं साधलं आहे. बैलगाडा शर्यतीवरची बंदी डिसेंबर २०२१ मध्ये उठल्यापासून खेड-मावळात खिलारांची निगा पुन्हा जोरात सुरू झाली आहे. शर्यतीचा बैल म्हणून मी त्याला तपासते तेव्हा मालकाला त्याच्या पळण्याचं कौतुक असतं. मला त्याच्या रक्ताचं असतं.

संरक्षणाला चुकवण्याची ही एकच तऱ्हा नाही. आपल्याकडे घोडे, उंट, म्हशी यांना सर्रा होतो. त्याचा परजीवी, ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी, पेशीत लपतच नाही. रक्तात उघड्यावर पोहतो, पण अंगावरचं प्रथिनांचं आवरण बदलत राहतो. शरीर एका आवरणाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, बहुतेक परजीवी मरतात, तोवर काहींनी दुसरं आवरण चढवलेलं असतं. म्हणून सर्ऱ्यात ताप लाटांनी येतो. माणसाला हा आजार होत नाही असं मानलं जात होतं, कारण माणसाच्या रक्तातलं एक प्रथिन या परजीवीला मारतं. मग २००४ च्या सुमारास चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला. जगातला तो पहिला नोंदलेला रुग्ण होता. पुढे तपासात कळलं की त्याच्या शरीरात जन्मतःच ते प्रथिन तयार होत नव्हतं. सुरामिन देऊन तो बरा झाला. नागपूरच्या डॉक्टरांनी लिहिलेला तो अहवाल मी कितीदा तरी वाचला असेल. आपल्याला एखादा परजीवी धरत नाही तो योगायोगानं नव्हे, कुठल्यातरी एका रेणूच्या जोरावर धरत नाही, हे त्या शेतकऱ्यामुळे लख्ख कळलं.

आणखी एका तऱ्हेचं उदाहरण कोकणातलं. गुहागर तालुक्यात गिमवी नावाचं गाव आहे. तिथं १९५२ साली गाडगीळ आणि शहा यांनी माणसांत शिस्टोसोमा या रक्तातल्या कृमीचा प्रादुर्भाव नोंदवला. ही कृमी डोळ्यांना दिसण्याइतकी मोठी, रक्तवाहिनीत बसणारी आणि वर्षानुवर्षं जगणारी. तिची युक्ती अशी की यजमानाच्याच रक्तातले रेणू ती आपल्या अंगाला माखून घेते, आणि संरक्षक पेशींना ती परकी वाटतच नाही. एवढ्या जवळ, आपल्याच राज्यात हे घडलं होतं, हे आमच्या धड्यात कुणी सांगितलं असतं तर तो धडा जन्मभर लक्षात राहिला असता.

थायलेरियाकडे परत येते. पांढऱ्या पेशींतला मुक्काम झाला की तो तांबड्या पेशींत उतरतो. ही त्याची दुसरी लपण्याची जागा, आणि व्यवहारात जास्त त्रासाची. शरीरातल्या बाकीच्या पेशी आपल्या पोटात काय चाललं आहे त्याचे तुकडे पृष्ठभागावर मांडून दाखवतात. टी पेशी ते तपासत फिरतात. गायीच्या तांबड्या पेशीला केंद्रकही नाही आणि ही मांडणीही नाही. तिच्या आत बसलेल्याला टी पेशी पाहू शकत नाहीत. गाय बरी होते, दूध परत येतं, अंग भरतं, आणि रक्तात थोडेसे परजीवी वर्षानुवर्षं राहून जातात. अशी गाय पुन्हा सहसा आजारी पडत नाही. पण तिच्यावर वाढलेली पिल्लू-गोचीड जमिनीवर पडते, कात टाकून मोठी होते आणि शेजारच्या गायीवर चढते.

खेड बाजार समितीच्या चाकणच्या बाजारात शनिवारी जनावरं येतात. कांद्या-बटाट्याचे ट्रक एकीकडे, गायी-बैल-म्हशी दुसरीकडे. घेणारा दात बघतो, कास बघतो, सड चारही चालू आहेत ना ते पिळून बघतो, वेत विचारतो, रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतो. रक्ताची गोष्ट कुणी काढत नाही. दिसायला ठणठणीत गाय गोठ्यात येते आणि काही आठवड्यांनी घरची जुनी गाय पडते. दोष पावसाला जातो, पेंडेला जातो. कानाच्या शिरेतला एक थेंब आणि तासाभराचं काम, एवढ्यात पुष्कळ कळतं. परजीवी फार थोडे असतील तर स्लाइडवर सुटतात, तेव्हा नमुना पीसीआर करणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. खरेदीआधी रक्त तपासण्याचा रिवाज या बाजारात रुजावा, हा माझा ध्यास आहे. आता काही तरुण पोरं गाय घेण्याआधी फोन करतात. कंपनीत क्वालिटी विभागात काम करणाऱ्यांना तर हे चटकन पटतं.

गोचिडीबद्दल दोन शब्द वेगळे. ती नुसती वाहक नाही. तिची लाळ रक्त गोठू देत नाही, खाज येऊ देत नाही, चावल्या जागी जमणाऱ्या संरक्षक पेशींना मंदावते. म्हणजे परजीवी उतरण्याआधीच त्याच्यासाठी तेवढी जागा शांत करून ठेवलेली असते. हायलोमा जातीची ही गोचीड गायीच्या अंगावर आयुष्याचा थोडाच भाग काढते, बाकीचा भिंतीत. मादी रक्त पिऊन टम्म झाली की खाली पडते, भेगेत शिरते आणि हजारोंनी अंडी घालते. उपाशी गोचीड महिनोन्‌महिने तिथं वाट पाहत राहते. म्हाळुंग्याच्या त्या गोठ्यात मी मोबाइलचा टॉर्च मावशींच्या जुन्या भिंतीवर मारला तेव्हा दगडांच्या सांध्यांत, चुन्याच्या पोपड्यांमागे, गव्हाणीच्या खालच्या कडेला त्या ओळीनं बसल्या होत्या. आम्ही गायीला बुटॉक्स हे गोचीडनाशक लावतो आणि भिंत सोडतो, हीच इथली खरी गफलत आहे. भिंत जाळाच्या पंपानं भाजायची, भेगा सिमेंटनं बुजवायच्या, औषध सांध्यांत मारायचं आणि काही आठवड्यांनी पुन्हा मारायचं, कारण अंडी पहिल्या फवाऱ्यातून सुटलेली असतात.

औषधाच्या बाबतीत पिंपरीची एक आठवण आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, देशातला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना. तिथून निवृत्त झालेले एक काका चिखलीजवळ गायी पाळत. गाय तापली की ते हक्कानं सांगत, "मॅडम, पेनिसिलिन द्या." त्यांना मी सांगत असे, पेनिसिलिन जिवाणूची भिंत बांधू देत नाही, आणि या परजीवीला तशी भिंतच नाही. ते बारकाईनं ऐकून घेत आणि पुढच्या खेपेला शेजाऱ्याला तेच समजावून सांगत. थायलेरियावर चालतं ते बुपारवाक्वोन, मानेच्या स्नायूत. परजीवीच्या तंतुकणिकेतल्या एका प्रथिनावर ते घाव घालतं. लवकर दिलं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाय गव्हाणीकडे वळते, आणि तो क्षण पाहण्यासाठी मी वाकडी वाट करून जाते. उशीर झाला, पापण्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या, की परजीवी मरतो तरी गाय वाचेलच असं नाही. मग दुसऱ्या जनावराचं रक्त चढवावं लागतं. दात्याच्या गळ्याची शीर, सायट्रेट घातलेली पिशवी, मध्यरात्रीचा बल्ब, आणि तिसऱ्या पाळीवरून परतलेला मुलगा पिशवी हातात धरून उभा, असं मी पुष्कळदा केलं आहे. त्यातल्या बऱ्याच गायी उठल्या.

पण परजीवी औषधालाही चुकवायला शिकतो आहे. ट्युनिशिया, सुदान, तुर्कस्तान, इराण इथं बुपारवाक्वोनला दाद न देणारे थायलेरिया सापडले आहेत. त्यांच्या त्या प्रथिनात एखाद-दुसरा बदल झालेला आढळतो. म्हणून औषध वजनावर मोजून पूर्ण द्यावं, अंदाजानं निम्मं देऊ नये, आणि इंजेक्शननंतर काही दिवसांनी गाठीची स्लाइड पुन्हा घ्यावी. मी ती घेते. पैसे त्याचे लावत नाही.

लस आहे. बाधित पेशीच प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या की त्यांचा आक्रमकपणा ओसरतो. ऊतींतून वाट काढायला लागणारी विकरं त्या कमी सोडू लागतात. अशा नरमलेल्या पेशी वासराला टोचायच्या. त्या परक्या म्हणून शरीर त्यांना मारतं, आतला परजीवी वासराच्या स्वतःच्या पेशींत जातो, पण सावकाश, आणि तेवढ्या उसंतीत नेमक्या ओळखणाऱ्या टी पेशी तयार होतात. भडका न होता ओळख पटते. हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सनं ही लस रक्षाव्हॅक-टी नावानं बाजारात आणली. जिवंत पेशींची लस असल्यानं ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते, आणि बाहेर काढल्यावर लगेच टोचावी लागते. कृत्रिम रेतन करणाऱ्या पोरांच्या मोटारसायकलवर नायट्रोजनचा कंटेनर असतोच. संकरित वासरू ज्या कंटेनरमुळे जन्मलं, त्याच्यातूनच त्याची लसही येऊ शकते.

एका वासरासाठी हे परवडत नाही, वीस-पंचवीस एका दिवशी जमवावी लागतात. आंबेठाण आणि वराळ्याच्या बाजूला आम्ही तशी यादी करतो आहोत, कुणाच्या गोठ्यात किती कालवडी, कुणाची कधी व्यायची. यादी ठेवण्याचं काम डेअरीवर दूध घालायला येणाऱ्या बायकांनी घेतलं आहे. म्हाळुंग्याच्या मावशींनी आपल्या दोन कालवडी त्यात लिहिल्या आणि मागची भिंत पाडून नवी सिमेंटची बांधायला काढली. पाडलेले दगड तिथंच रचून ठेवू नका, लांब टाका, एवढंच मी त्यांना सांगून आले.